सखारामाची परात

भाचीचा मेसेज आला तेव्हा मी बेळगावात शहापूरला दादाच्या घरी, त्याच्या समोरच बसले होते. ‘आत्या, रजिस्ट्री केलीय. लिंक बघ, बाबांनाही दाखव.’ मी मोठ्यानं वाचलं. दादानं चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, “कुठल्या जागेची?”

त्याचं काही चुकलं नाही. आमच्या बेळगावात रजिस्ट्री म्हणजे सब-रजिस्ट्रारचं ऑफिस, स्टॅम्प ड्यूटी, दोन साक्षीदार आणि कन्नडात टाइप केलेला दस्त, जो सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. लग्न पाच आठवड्यांवर आलेलं, मे महिन्यातला मुहूर्त, हॉल आणि आचारी ठरलेले, आणि ही पोरगी बेंगळुरात बसून कुठली जागा घेतेय, असं त्याला वाटलं. मी म्हटलं, जागा नव्हे रे, आहेर. तिला घरात काय काय हवंय त्याची यादी केलीय तिनं. ज्याला जे द्यायचं असेल त्यानं त्यापुढं आपलं नाव घालायचं.

दादा जरा वेळ गप्प बसला. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडला, “ऐकलीस काय गे, तुझी लेक आहेर मागून घ्यायलीय!”

वहिनी आत कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, “मागू दे की. सात लेमन सेट तरी येणार नाहीत.”

सात हा आकडा तिनं उगाच टाकला नव्हता. १९८८ च्या मे महिन्यात दादाचं लग्न झालं तेव्हा खरोखरच सात लेमन सेट आले होते. जग, सहा ग्लास, त्यावर नारिंगी फुलं. शिवाय भिंतीवरची पाच घड्याळं, आणि स्टीलचे डबे तर विचारूच नका. त्यातले दोन लेमन सेट दुसऱ्यांच्या लग्नांत गेले, एक फुटला, उरलेले माळ्यावर. भांड्यांचं मात्र तसं करता येत नसे, कारण भांड्यावर नाव असायचं. दुकानदार ते कर्रकर्र वाजणारं यंत्र घेऊन बसायचा आणि ‘चि. सौ. कां. अमुक हिस, तमुक यांजकडून सप्रेम भेट’ असं तारखेसकट कोरून द्यायचा. देणाऱ्याचं नाव राहावं म्हणून ते कोरतात असं आम्हाला सांगितलेलं. खरं कारण मला फार पुढं कळलं: नाव घातलेलं भांडं फिरवता येत नाही.

तर यादी. गूगल शीटवर होती, छत्तीस ओळींची. वस्तू, अंदाजे किंमत, कुठं मिळेल, देणाऱ्याचं नाव, फोन नंबर. नाव आणि नंबर भरेपर्यंत ओळ पिवळी, दोन्ही भरले की आपोआप हिरवी. तीन लिटरचा कुकर, बिडाचा तवा, चादरींचे दोन जोड, पाण्याचा फिल्टर, पुस्तकांचं शेल्फ, फूड प्रोसेसर. दोन मोठ्या छत्र्या, कारण लग्न उरकून पंधरा दिवसांत मृग लागणार. सगळ्यात स्वस्त वस्तू अडीचशेची होती, सगळ्यात महाग वॉशिंग मशीन; त्यापुढं चार नावांची जागा ठेवलेली, म्हणजे चौघांनी मिळून. यात तिचं डोकं दिसलं. तिची एक शाळेतली मैत्रीण इथंच एका शाळेत कमी पगारावर शिकवते. तिला ओशाळं वाटू नये इतपत स्वस्त अशा सात-आठ ओळी यादीत मुद्दाम पेरलेल्या होत्या. आणि सगळं थेट बेंगळुरातल्या फ्लॅटवर पोचणार. हॉलवरून टेम्पो भरून घरी आणा, मग पाचशे किलोमीटर परत न्या, ही यातायात नाही.

लग्नपत्रिकेवर मात्र यादीचा उल्लेख करायचा नाही, असं ती म्हणाली. जिथून ही पद्धत आली तिथं तसं करणं असभ्य समजतात म्हणे. पाहुण्यानं विचारलं तर जवळच्या माणसानं हळूच सांगायचं. आमच्या पत्रिकेवर ‘बेळगाव’ छापलंय आणि यादीतल्या पत्त्यात ‘बेळगावी’ आहे, कारण २०१४ पासून तेच निवडावं लागतं. त्यावरून दादानं दहा मिनिटं खर्ची घातली, ती मी सोडून देते. हळूच सांगायचं ते जवळचं माणूस अर्थातच मी.

पहिला फोन धाकट्या काकांना केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मागून घेतला तर तो आहेर कसला? ती भीक.” फोन ठेवताना मात्र, “कुकर कितीचा हाय म्हणालीस?”

भीक हा शब्द मला लागला. दोन दिवस डोक्यात राहिला, आणि मग आईची आठवण झाली. आई कधी कुणाकडं काही मागायची नाही. पण दादाच्या लग्नाआधी नंदगडच्या आत्याबाई आल्या तेव्हा देवापाशी दिवा लावता लावता ती म्हणाली होती, “समई तेवढी जुनी झालीय बघा.” बस्स, एवढंच. गडहिंग्लजच्या मामीला पोस्टकार्डात खुशाली, पाऊस-पाणी आणि शेवटी ‘मोठं पातेलं गळतंय, कल्हईवाला अजून आला नाही’. समई आली, पातेलंही आलं. मामाकडून काय यायचं ते तर रीतीनंच ठरलेलं, त्याला विचारायची गरज नाही. कुणी विचारलंच, ‘काय करू गे?’ तर उत्तर ठरलेलं: ‘काही नको, तुम्ही या म्हणजे झालं.’ त्या ‘काही नको’चा अर्थ काय, हे विचारणाऱ्याला चेहऱ्यावरून ओळखावं लागे. जो चुकला तो लेमन सेट घेऊन आला. भाचीनं केलं काय, तर ते चेहऱ्यावरचं शीटवर आणलं. यात भीक कुठं आली?

रजिस्ट्रीची ही पद्धत सुरू झाली ती अमेरिकेत, शिकागोच्या मार्शल फील्ड्स नावाच्या मोठ्या दुकानात, १९२४ साली. नवरी मुलगी दुकानात जाऊन कपबशांची नक्षी, काटे-चमचे, काचेचं सामान पसंत करून ठेवायची. दुकानदार ते नोंदवून ठेवायचा, आणि पाहुणा आला की काय दिलं गेलंय, काय उरलंय ते सांगायचा. भाचीनं मला हे फोनवर सांगितलं. दुकानदाराचा फायदा किती सरळ आहे बघा: पाहुण्यानं दुसऱ्या दुकानात जायचंच नाही. मी तिला म्हटलं, आमच्याकडं १९२४ च्याही आधीपासून वही आहे, फक्त ती लग्नानंतर भरते.

आईची वही अजून दादाच्या कपाटात आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, दुकानदार रोजमेळाला घेतात तसली. पहिल्या पानावर श्री आणि कुंकवाचं बोट. ‘कोवाड, मामा, पूर्ण आहेर.’ ‘नंदगड, समई १, तांदूळ ४ पायली.’ ‘निपाणी, स्टील डबा मोठा १.’ ‘गडहिंग्लज, पातेलं १, रु. २१, ह. धाकटा मुलगा.’ ह. म्हणजे हस्ते. माणूस स्वतः आला नाही, पण कुणाच्या हातानं पोचवलं, ते लिहायचंच. गावाचं नाव आधी, माणसाचं नंतर. जिल्हा लिहायची पद्धत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला कोवाड-गडहिंग्लज एका राज्यात राहिलं आणि नंदगड-निपाणी दुसऱ्या राज्यात गेलं, पण वहीच्या पानावर ती अजून एकाखाली एक बसलेली आहेत, जशी पंगतीत बसली होती तशी.

कुणाकडं लग्न निघालं की आई ही वही काढायची. त्यांनी आपल्याला काय घातलं होतं ते बोट फिरवून शोधायची आणि थोडं चढवून द्यायची. एकवीस आले असतील तर एक्कावन्न. बरोबरीत कधी आणायचं नाही. बरोबरी झाली म्हणजे हिशेब मिटला, आणि हिशेब मिटला की जाणं-येणंही मिटतं, असं तिचं म्हणणं. शेजारच्या कन्नड काकूंकडं याला ‘मुय्यी’ म्हणतात. लग्नात घातलेला आहेर म्हणजे मुय्यी, आणि परतफेडही मुय्यीच. सूड उगवणं यालासुद्धा तोच शब्द आहे, असं त्या हसत हसत सांगायच्या.

दादाच्या लग्नात वही लिहायला मला बसवलं होतं. पंधरा वर्षांची होते, अक्षर बरं होतं. दारातल्या मांडवात टेबल, शेजारी आहेराच्या भांड्यांचा ढीग, पाकिटांसाठी पत्र्याचा डबा. अक्षता दुपारीच पडल्या होत्या. चारच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. बेळगावात मे महिन्यात लग्न काढणाऱ्यानं वळीव धरूनच चालायचं असतं, पण धरून चाललं म्हणून तो थोडाच ऐकतो. आधी धूळ. आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण सुटून नवरदेवाच्या काकांच्या गळ्यात. मग थेंब, चांगले रुपयाएवढे. मांडवाची ताडपत्री पाण्यानं फुगून म्हशीच्या पोटासारखी खाली आली, दोघे-तिघे बांबूनं तिला खालून ढोसायला लागले, आणि दिवे गेले. आत बुंदीची परात वाचवायला एकच धावाधाव.

त्या गडबडीत खानापूरची मावशी आली. आईची मावसबहीण. एसटीनं पंचवीसेक किलोमीटर, पुढं स्टँडवरून चालत, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला, नखशिखांत भिजलेली. अक्षतांना पोचायची होती, गाडी चुकली. तिनं पदराखालून एक पितळी परात काढली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाली, “लिही गे बाळ.” मी म्हटलं, “हो मावशी.” आणि तिला आत जा म्हणाले. वहीवर थेंब पडत होते. वही पोटाशी धरली, ती परात डोक्यावर उपडी घेतली आणि अंगणातून घरात धावले. परातीवर पावसाचा असा आवाज, की कुणी ताशा वाजवतंय. मला हसू येत होतं, ते अजून आठवतं.

घरात जाऊन परात भिंतीला टेकवली, वही कपाटात टाकली. रात्री कंदिलाच्या उजेडात वरात निघाली. वही परत उघडली ती दुसऱ्या दिवशी, बाकीच्यांची पाकिटं लिहायला. मावशीची परात लिहायची राहिली. राहिली म्हणजे, मला ती आठवलीच नाही.

परात मात्र घरातच राहिली. मजबूत, जड, कडेला जाड. तिच्यावर यंत्रानं कोरलेलं नाव नव्हतं. कडेच्या आतल्या बाजूला जुन्या पद्धतीनं खिळ्यानं ठोकलेल्या ठिपक्यांची दोन अक्षरं होती: ‘स. खा.’ एवढ्या भांड्यांत ही कुणाची ते कुणालाच सांगता येईना. दादा म्हणाला, सखाराम नावाचा कुणीतरी विसरून गेला असेल. कोण सखाराम? आमच्या सात पिढ्यांत सखाराम नाही. पण नाव पडलं ते पडलं. “सखारामाची परात काढ गे.” “सखारामात मेथी निवडून ठेव.” वहिनीनं सासरी पहिली कणीक त्यातच मळली. भाची सहा महिन्यांची असताना तिला त्यात बसवून आंघोळ घातलेली मी पाहिलीय.

सहा वर्षांनी मावशीच्या मुलाचं लग्न निघालं. आईनं वही काढली. बोट वरून खाली, पान उलटून पुन्हा वरून खाली. खानापूर नाही. “आली होती की ती,” आई म्हणाली, “रिकाम्या हातानं आली होती होय?” मग खण, नारळ, टॉवेल-टोपी घेऊन आम्ही गेलो. आईनं जास्त काही नेलं नाही. तिचाही मान होता. मावशीनं ओटी घेतली, आम्हाला आग्रह करकरून जेवायला वाढलं, निघताना करवंदांची पाटी दिली. त्यानंतर ती आमच्या घरी आली नाही. आजारी होती म्हणून नाही, गाडी नव्हती म्हणून नाही. नुसतीच आली नाही. आई म्हणायची, मुलगा मिळवता झाला, आता कशाला आठवण होतेय.

उलगडा झाला तो फार उशिरा, एका वास्तुशांतीला. मावशीची सून शेजारी बसली होती. सहज बोलता बोलता म्हणाली, “आमच्या सासूबाई सारख्या सांगायच्या, माझ्या आंदणातली परात बेळगावात हाय. पैसं नव्हतं तवा, म्हणून स्वतःच्या लग्नातली घातली.” सासूबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

स म्हणजे तिचं नाव. खा म्हणजे खानापूर.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं: वळीव, डोक्यावरची परात, न लिहिलेली ओळ. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, “लिहिणाऱ्यानं उठायचं नसतं गे.” मी वही आणली, पेन आणलं. १९८८ चं ते पान खालपर्यंत भरलेलं, दोन ओळींच्या मधेही जागा नाही. आई म्हणाली, “ठेव. आता कुणासाठी?”

हे सगळं मी भाचीला अजून सांगितलेलं नाही. यादीबद्दल मात्र घरात आणखी एक प्रवचन झालं, ते आमच्या ह्यांचं. हे कोर्टात वकिली करतात. ताक पिता पिता म्हणाले, यादी करायला कायद्यानंच सांगितलंय की. १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा. त्याखाली १९८५ साली नियम आले, २ ऑक्टोबरपासून लागू. लग्नात आलेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची: नवरीला आलेल्यांची नवरीनं, नवऱ्याला आलेल्यांची नवऱ्यानं. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर काय नातं, आणि खाली दोघांच्या सह्या. मी म्हटलं, म्हणजे दादाच्या लग्नात हा नियम होता? होताच, म्हणाले, अडीच वर्षं झाली होती. तुमच्या वहीत किंमत नव्हती, सह्या नव्हत्या. “आणि एक ओळ नव्हती,” मी म्हटलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

कायद्याच्या यादीत आणि आईच्या वहीत इतकं साम्य असेल असं वाटलं नव्हतं. फक्त कायद्याला किंमत हवी, आईला गाव हवं. भाचीच्या शीटमधे दोन्ही रकाने आहेत म्हणावं तर गावाच्या जागी फोन नंबर. असो.

तिची यादी झपाट्यानं भरली. काकांनी कुकर घेतला. वॉशिंग मशीनची चार नावं एका संध्याकाळी लागली, त्यात दोघी अशा, ज्या एकमेकींशी चार वर्षं बोलत नव्हत्या. शीटवर शेजारी शेजारी बसायला बोलावं लागत नाही. कोवाडच्या मामेभावानं कळवलं, यादी-बिदी मला कळत नाही, मी इंद्रायणी तांदळाचं पोतं पाठवतोय. भाचीनं त्यासाठी निमूटपणे नवी ओळ घातली. मांडे यादीत नाहीत, ते घरचे. भर उन्हाळ्यात चुलीपुढं बसून उपड्या कढईवर मांडे टाकणारी बाई मिळवणं हे वहिनीचं काम, आणि त्याची लिंक कुठंच मिळत नाही.

परवा रात्री सगळे झोपल्यावर मी शीट उघडली आणि शेवटी एक ओळ घातली. वस्तू: परात, पितळी, जुनी. किंमत: मोकळी सोडली. कुठं मिळेल: तुझ्या आईच्या ओट्याखाली. देणाऱ्याचं नाव: खानापूरची मावशी, ह. आत्या.

सकाळी भाचीचा फोन. “आत्या, ही आपली सखारामाची परात ना? ती माझ्या ओट्यावर बसायची नाही गं. आणि कणीक मी प्रोसेसरमधे मळणार.”

मी म्हटलं, राहू दे ओळ.

“राहू दे, पण नंबर घाल ना त्यांचा. थँक्यूचे मेसेज शीटवरूनच पाठवणारेय मी सगळ्यांना. नंबर नसेल तर ओळ हिरवी होत नाही.”

बघते म्हटलं. काल उघडून पाहिलं तर बहुतेक सगळ्या ओळी हिरव्या झाल्यात, तांदळाचं पोतंसुद्धा. ती एक पिवळी आहे. वहिनीला अजून विचारलेलं नाही. संध्याकाळी गेले तेव्हा ती त्यातच कणीक मळत होती.